फुलाचं माप

"आज लय गरमी आहे," असं बाईंसमोर म्हणायची सोय नव्हती. चंद्रपूरचा मे महिना, बाहेर कुत्रीसुद्धा नालीत जाऊन पडलेली, आणि बाई चष्म्यावरून बघत विचारायच्या, "कशाच्या तुलनेत?"

कालच्या की मागच्या मेच्या, की नागपूरच्या? हे सांगितल्याशिवाय वाक्य पूर्ण झालं असं त्या मानतच नसत. चहा गोड झालाय म्हटलं तरी तेच. शिपायानं "मोठे साहेब रागावून आहेत" असा निरोप आणला तरी तेच. नव्या माणसाला हा प्रकार आधी गमतीचा वाटायचा, मग छळ वाटायचा, आणि मग एक दिवस तो घरी भाजीला नाव ठेवणाऱ्या सासूबाईंना हाच प्रश्न विचारून बसायचा.

मी त्यांच्या हाताखाली लागले तेव्हा नुकतीच एमएस्सी झाले होते. मुलाखतीत त्यांनी टेबलावरची फूटपट्टी उचलली आणि म्हणाल्या, "ही बरोबर आहे हे कशावरून?"

"दुसऱ्या पट्टीनं तपासता येईल."

"आन ती दुसरी?"

"तिसरीनं."

"असं कुठपर्यंत जाशीन?"

मी आपलं म्हटलं, "जिथी कोणी छातीठोक सांगन की ही बरोबर आहे, तिथपर्यंत."

"सोमवारपासून ये," बाई म्हणाल्या.

आमची प्रयोगशाळा म्हणजे एका जुन्या इमारतीच्या तळमजल्यावरच्या तीन खोल्या. माती, पाणी, धान्य, मासे यांत निसर्गतःच किती किरणोत्सार असतो, ते मोजायचं काम. यंत्र फार महागाचं होतं, पण यंत्राला स्वतःला काही कळत नाही. ते नुसतं टिकटिक मोजतं. एवढी टिकटिक म्हणजे नमुन्यात नेमकं किती, हे त्याला शिकवावं लागतं. त्यासाठी ज्याच्यात किती आहे हे आधीच पक्कं ठाऊक आहे असा एक नमुना तयार करून त्याच्यापुढे ठेवायचा. त्याला म्हणतात संदर्भ मानक. बाई त्याला नुसतं "माप" म्हणायच्या. माप चुकलं की त्याच्या जोरावर पुढं मोजलेलं सगळंच चुकलं, आणि ते चुकलंय हे कुणाला कळतसुद्धा नाही.

बाई मूळच्या नागभीडच्या. वडील रेल्वेत गँगमन. आजोबांनी नागपूरला जाऊन धम्मदीक्षा घेतली होती आणि येताना घरातल्या पोरी शिकवायचं ठरवूनच आले होते. त्यामुळे बाई आधी नागपूरला शिकल्या, मग मुंबईच्या एका मोठ्या प्रयोगशाळेत कितीतरी वर्षं मानकं बनवण्याचंच काम केलं. निवृत्तीला थोडी वर्षं उरली असताना त्या सगळं सोडून इकडे आल्या. का आल्या असं विचारलं की म्हणत, "तिथी माप बनवणारे लय आहेत. इथी मोजाले लय आहे." फोनवर त्या मुंबईच्या माणसाशी अगदी शुद्ध, छापल्यासारखं मराठी बोलत. फोन ठेवला की पुन्हा नागभीड.

साडी घोट्याच्या वर नेसायची आणि पायात कॅनव्हासचे बूट. डब्यात रोज भात. तो खोलीच्या भिंतीकडे तोंड करून जेवायचा, म्हणजे कुणी मध्येच कामाचं विचारत नाही, अशी त्यांची समजूत. थंडीत वडशाला झाडीपट्टीची नाटकं सुरू झाली की बाई हमखास रजा टाकत. मलाही दोनदा नेलं. पुढच्या रांगेत बसून खलनायकाला मोठमोठ्यानं शिव्या देत, आणि मध्यंतरात त्यालाच भेटून "तुझा आवाज मागं पोचून नाई राह्यला" असं सांगून येत.

त्यांच्या एका हट्टाची गोष्ट चंद्रपुरात बरीच वर्षं सांगितली जायची. यंत्राभोवती बाहेरचे किरण येऊ नयेत म्हणून शिशाच्या विटांचा कोट असतो. पण ताज्या शिशात स्वतःचाच थोडा किरणोत्सार असतो. आम्हाला जे मोजायचं तेच कोटात. बाईंना आतून अस्तर द्यायला जुनं शिसं हवं होतं, कारण काळ गेला की तो किरणोत्सार विरत जातो. तेव्हा एक जुना छापखाना बंद पडत होता. बाई तिथं गेल्या आणि छपाईच्या शिशाच्या खिळ्यांच्या, म्हणजे अक्षरांच्या, पेट्याच्या पेट्या रिक्षात घालून आल्या. मालक म्हातारे गृहस्थ. रिक्षा निघताना ते डोळे पुसत म्हणाले, "बाई, याच्यावर आमी लग्नाच्या पत्रिका छापल्या, परीक्षेचे पेपर छापले." बाई म्हणाल्या, "भाऊ, आता हे चूप बसन. तेच काम आहे त्याले." आणि खरोखर, ते अस्तर घातल्यावर आमच्या यंत्राची नमुना नसतानाही होणारी टिकटिक बरीच खाली आली.

सोमीबाई आमच्याकडे आली ती अशाच एका मेमधल्या दुपारी. वडशापलीकडच्या जंगलातल्या एका गोंड गावची. पहाटेची गाडी धरून एकटी आली होती. हातात पिशवी, पिशवीत वाळलेली मोहफुलं आणि एक घडी घातलेला कागद. गावाच्या ग्रामसभेनं बायकांचा गट करून मोहफुलं थेट विकायचं ठरवलं होतं. परदेशात या फुलांचा चहा नि मुरांबा विकणारी एक कंपनी माल घ्यायला तयार झाली होती. माल नागपूरच्या गोदामात पोचला आणि तिथंच अडकला. कंपनीनं ज्या प्रयोगशाळेकडून तपासणी केली तिनं अहवाल दिला होता की फुलांत शिसं-२१० नावाचा किरणोत्सारी पदार्थ मर्यादेबाहेर आहे.

"मोहं खराब आहे म्हणतेत," सोमीबाई म्हणाली. "आमी त आज्या-पणज्यापासून खाऊन राह्यलो. आता बाया मले इचारतेत, तू नेलं ना, तू सांग. मी काय सांगू? इंग्रजीत लिहून आहे."

बाईंनी कागद उभ्या उभ्या वाचला. मग सोमीबाईला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि आधी तिला समजावून सांगितलं. जमिनीतून एक वायू सारखा वर येत असतो. हवेत त्याचं बदलत बदलत हे शिसं होतं आणि धुळीबरोबर, पावसाबरोबर झाडापानांवर बसतं. पृथ्वी आहे तेव्हापासून चाललंय. कुणी टाकलेलं नाही.

"म्हंजे आहे त खरं," सोमीबाई म्हणाली.

"आहे. सगळीकडेच थोडं थोडं आहे. किती आहे, तो सवाल आहे."

मग त्यांनी त्या प्रयोगशाळेला फोन लावला. पलीकडे कुणी तरुण अधिकारी होता, सभ्य होता. बाईंनी विचारलं, "आपण फुलं मोजली ती कोणत्या मानकाच्या तुलनेत?"

तो म्हणाला, प्रमाणित मानक आहे, सोबत प्रमाणपत्र आहे.

"ते कशाचं आहे?"

"मातीचं."

"माती प्रमाणित आहे हो," बाई म्हणाल्या. "पण तुम्ही मोजलंय फूल."

फोन ठेवून त्या आमच्याकडे वळल्या. या शिशाचा किरण फार अशक्त असतो. माती जड. ती आपल्यातले पुष्कळ किरण स्वतःच गिळते, थोडेच बाहेर येऊ देते. फुलाची भुकटी हलकी, ती फारसं गिळत नाही. "असं समज," त्या सोमीबाईला म्हणाल्या, "जाड भिंतीआडून कोणाचा आवाज आला त आपण म्हणतो, आतला माणूस लय जोरानं ओरडून राह्यला. पण मधात भिंत नाई, कुडाची तट्टी आहे. माणूस साधाच बोलून राह्यला."

सोमीबाईनं फोनकडे बोट दाखवलं. "मंग त्याले सांग ना तसं."

"माह्या सांगण्यानं काय होते? मोहफुलाचं माप पाह्यजे. ते दुनियेत कोणी बनवून नाई ठेवलं."

"मंग?"

"मंग बनवतो."

कंपनीनं पावसाळ्याच्या तोंडापर्यंत मुदत दिली. त्यानंतर ओल धरून माल गेलाच असता. बाईंनी बाकीची कामं बाजूला ठेवायला लावली आणि आम्ही मोहफुलं दळायला बसलो.

ज्यानं कधी मोहफूल दळलं नसेल त्याला ते दुःख कळायचं नाही. वाळलं तरी त्यात साखर. मिक्सरमध्ये घातलं की गरम होऊन त्याचा गोळा होतो आणि पातं फिरायचं थांबतं. चाळणीला चिकटतं, हाताला चिकटतं. मुंग्या आल्या. सगळ्या इमारतीत तो दाट गोड वास भरून राहिला, आणि तेव्हा जिल्ह्यात दारूबंदी होती. तिसऱ्या-चौथ्या दिवशी पोलिसांची जीप आली.

हवालदार दारातच अवघडून उभे राहिले. "बाई, फोन आला होता. इथी हातभट्टी चालू आहे म्हणून."

"या ना भाऊ. बूट काढून या."

त्यांनी हवालदारांना सगळं फिरवून दाखवलं. पोती, भुकटी, तराजू, यंत्र. हवालदार बिचारे मान डोलवत होते. निघताना बाईंची नजर जीपमध्ये ठेवलेल्या, ड्रायव्हरला फुंकायला लावायच्या यंत्राकडे गेली.

"हे बरोबर सांगते?"

"एकदम बरोब्बर, बाई."

"कशावरून?"

हवालदार गोंधळले. "वरून येते ते."

"वरून म्हंजे कुठून? त्याले कोणी शिकवलं, किती दारू म्हंजे किती आकडा?"

हवालदारांनी टोपी काढून कपाळ पुसलं. "बाई, तुमी भट्टी लावत असत्या त बरं झालं असतं. लवकर आटपलं असतं." त्यावर बाई इतक्या हसल्या की त्यांना खुर्ची धरावी लागली. पुढं ते हवालदार अधूनमधून चहाला यायचे.

भुकटी कशीबशी झाली. मुंबईहून मोजून-मापून दिलेलं शिसं-२१०चं द्रावण आलं. त्याचा थेंब न् थेंब तोलून बाईंनी थोड्याशा भुकटीत मिसळला. ती वाळवली, मग तेवढ्याच साध्या भुकटीत मिसळली, मग दुप्पट, मग आणखी दुप्पट, असं करत सगळ्या ढिगात. बाटल्या भरल्या, झाकणं सील केली. आता एकच परीक्षा उरली होती. सुरुवातीला भरलेली बाटली, मधली आणि शेवटची, तिन्हींत सारखंच निघायला हवं.

सारखं निघालं नाही. साखरेच्या बारीक गुठळ्यांनी द्रावण जास्त धरून ठेवलं होतं. फरक फार नव्हता. मी म्हटलं, "बाई, एवढ्यानं त्यांचा आकडा चूक आहे हे तरी सिद्ध होते. मुदत संपून राह्यली. हे देऊन टाकू."

बाईंनी एक बाटली उजेडात धरली. "आपण त्याले काय म्हटलं? तुझं माप चुकलं. आन आता आपलं चुकलेलं माप त्याच्या हातात देऊ? ही सगळी खेप बाद." आणि सगळ्या बाटल्यांवर लाल चिकटपट्टी लावून त्यांनी त्या किरणोत्सारी कचऱ्याच्या कपाटात नेऊन ठेवल्या. मी त्या दिवशी जेवले नाही. बाई भिंतीकडे तोंड करून सगळा डबा जेवल्या.

उपाय त्यांनाच सुचला. साखर चिकटते ती गरम झाल्यावर. ती इतकी थंड करायची की काचेसारखी फुटेल. आमचं यंत्र थंड ठेवायला द्रवरूप नायट्रोजन लागायचा, पण तो जेमतेम यंत्रापुरता. जास्तीचा कुठून आणायचा? बाई गेल्या जनावरांच्या दवाखान्यात. तिथं गाईंच्या कृत्रिम रेतनासाठी तो कॅनमध्ये भरून ठेवलेला असतो. रांगेत सगळे गाई-म्हशी घेऊन उभे आणि मध्ये बाई, रिकामा कॅन घेऊन. एका शेतकऱ्यानं विचारलं, "बाई, तुमची गाय कुठी?" बाई म्हणाल्या, "माही गाय झाडावर असते." डॉक्टर भले होते. म्हणाले, आमचा नवा साठा आला की जुन्यातला उरलेला तुमचा.

नायट्रोजन ओतला की पांढरा धूर निघायचा आणि मोहफुलं खडखड वाजायला लागायची. मग मिक्सरमध्ये दोन मिनिटांत बारीक भुकटी. पिठासारखी, मोकळी, कशाला न चिकटणारी. तळमजल्यावर त्या धुरात बाई कॅनव्हासचे बूट घालून उभ्या आणि तोंडी कुठल्याशा नाटकातलं गाणं. दुसऱ्या खेपेच्या बाटल्या सुरुवातीपासून शेवटापर्यंत एकसारख्या निघाल्या. त्यातल्या काही कंपनीच्या प्रयोगशाळेला पाठवल्या. तो तरुण अधिकारी खरंच सज्जन होता. त्यानं पुन्हा मोजणी केली आणि स्वतः फोन करून सांगितलं की आमचा आकडा आम्ही मागं घेतो.

इथं गोष्ट संपली असती तर बरं झालं असतं, असं तेव्हा मला वाटलं. पण बाईंनी गावच्या मालाचे नमुने टोल्याटोल्याप्रमाणे वेगळे मागवले होते. गावाचे तीन टोले, म्हणजे लांब लांब वसलेल्या तीन वस्त्या. नव्या मापानं दोन टोल्यांची फुलं मर्यादेच्या पुष्कळ खाली होती. तिसऱ्याची खरोखरच वर होती. त्या टोल्यातला आकडा मातीच्या मापानं फुगवला होता हे खरं, पण तो उतरवूनही मर्यादेबाहेर राहत होता.

तिसरा टोला सोमीबाईचा.

बाईंनी सगळं पुन्हा मोजलं. पुन्हा तेच. मग आम्ही दोघी गावी गेलो. जूनची सुरुवात होती, आभाळ भरून आलेलं. सोमीबाईच्या टोल्याजवळच्या मोहाच्या झाडांखाली बाई उकिडव्या बसल्या आणि बोटांनी माती उकरली. जमीन काळी होती. फुलं गळायच्या आधी झाडाखालचा पालापाचोळा जाळायची तिथली रीत, म्हणजे फूल स्वच्छ दिसतं, साप-विंचू दिसतो. दुसऱ्या दोन टोल्यांजवळची झाडं शेताच्या बांधावर होती, तिथं जाळायला पालाच नव्हता. पानांवर वर्षभर बसलेलं ते शिसं पान जळलं की राखेत साठून राहतं, आणि फूल पडतं राखेत. ओलं, चिकट फूल.

समाजमंदिरात बैठक बसली. बाईंनी दोन टोल्यांचं सांगितलं तेव्हा लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग त्यांनी तिसऱ्याचं सांगितलं.

"आमच्याच टोल्याचं काऊन?" सोमीबाई उठून उभी राहिली. "मी आली ना तुह्याकडे? मी गाडीनं आली, मी फुलं आणली. आन तू माह्याच फुलाले खराब म्हणते?"

"फूल खराब नाई. राख लागून आहे. हे फूल खायच्या मालात पाठवाचं नाई."

"लिहू नोको ना मंग. मिसळून दे साऱ्यात. कोणाले समजते?"

"मले समजते."

"आमी काय तुले मुंबईचे साहेब वाटलो? आमच्या माय-आज्या जाळत आल्या. एक बी नाई मेली त्यानं."

"मरते असं मी म्हटलं नाई, सोमीबाई. मर्यादेच्या वर आहे म्हटलं. आहे."

"तू म्हणते म्हणून? कशावरून?"

मला वाटलं, बाई आता चिडतील. पण त्यांचा चेहरा एकदम उजळला. इतक्या वर्षांत त्यांना हा प्रश्न उलट विचारणारं कुणी भेटलं नव्हतं.

"हा बरोबर सवाल आहे," त्या म्हणाल्या. "मले पकड. पुढच्या साली मोहं पडन तवा काही झाडाखाली जाळ, काही झाडाखाली नुसतं झाडून घे. वेगळ्या वेगळ्या पिशव्यात भर आन घेऊन ये. कोणती कशातली, मले सांगू नोको. या पोरीले बी सांगू नोको. मी मोजून सांगतो. माह्यं चुकलं त मी गावात येऊन सगळ्याइसमोर सांगन, का मी चुकली."

सोमीबाई बाहेर निघून गेली. दोन टोल्यांचा माल गेला. तिसऱ्याचा परत आला, तो तिनं स्वतः उतरवून घेतला. परतीच्या गाडीत मी बाईंना म्हटलं, ती काही येणार नाही. बाई खिडकीतून धानाच्या बांध्यांकडे बघत म्हणाल्या, "येइन. ती चिडून आहे. चिडलेला माणूस येते."

बाई आता निवृत्त होऊन नागभीडला असतात. धान लावतात आणि शेजाऱ्यांशी पाण्याच्या पाळीवरून भांडतात. त्यांच्या मोहफुलाच्या मापाच्या बाटल्या इतर राज्यांतल्याही काही प्रयोगशाळांनी मागवून नेल्या. तिथंही जंगल आहे आणि मोह आहे. पण मला बाई आठवतात त्या बैठकीच्या पुढच्या वर्षीच्या, सोमीबाईसमोर बसलेल्या.

कारण ती आली. एप्रिलमध्ये, डोक्यावर बोचकं घेऊन. आत पिशव्या, प्रत्येकीच्या तोंडाला वेगळ्या रंगाची चिंधी. नमस्कार-जोहार नाही, काही नाही. पिशव्या टेबलावर ठेवल्या आणि म्हणाली, "सांग आता."

एकेक नमुना मोजायला आख्खा दिवस लागतो. सोमीबाई तेवढे दिवस माझ्या घरी राहिली. सकाळी माझ्याबरोबर यायची, यंत्रासमोर स्टुलावर बसायची आणि संध्याकाळी खोलीला कुलूप लागलेलं स्वतः ओढून बघायची. बाईंशी बोलायची नाही. बाईही तिच्याशी बोलायच्या नाहीत, फक्त जेवताना डब्यातला भात अर्धा तिच्यापुढं सरकवायच्या. पहिल्या दिवशी तिनं परत सरकवला. दुसऱ्या दिवशी खाल्ला, आणि मीठ कमी आहे म्हणाली. बाई काहीतरी विचारणार होत्या, पण गिळून बसल्या.

शेवटची मोजणी झाली. बाईंनी पिशव्या ओळीनं मांडल्या.

"लाल चिंधी, जाळलेली. हिरवी, झाडलेली. पिवळी, झाडलेली. निळी, जाळलेली." प्रत्येक वेळी त्या सोमीबाईकडे बघत आणि सोमीबाई दगडासारखी बसलेली. पांढऱ्या चिंधीच्या पिशवीपाशी बाई थांबल्या. आकडा पुन्हा पाहिला.

"ही मले समजून नाई राह्यली. ना जाळलेली, ना झाडलेली. मधातच आहे. मले सांगता नाई येत."

मग सोमीबाईच्या चेहऱ्यावर हळूहळू हसू पसरलं. पदर तोंडाला लावून ती हसायला लागली. "दोन्ही मिसळून आणली ती," ती म्हणाली. "म्हटलं, पाहू, बाई थाप मारते का."

बाई ताडकन उठल्या. "किती किती मिसळली?"

"दोन ओंजळी झाडलेली, एक ओंजळ जाळलेली."

बाईंनी तिथंच मांडून पाहिलं. आकडा जवळपास तिथंच येत होता. त्या सोमीबाईजवळ गेल्या आणि तिचे दोन्ही हात हातात घेतले.

चार दिवसांनी आम्ही तिच्या टोल्यात गेलो. मोहाच्या झाडाखालीच लोक जमले होते. सोमीबाईनं सांगायला सुरुवात केली. पिशव्यांचं, चिंध्यांचं, कुलपाचं सगळं सांगितलं. मध्येच एक म्हातारा म्हणाला, "जाळल्याबिगर फूल कसं दिसन? इचू चावला त?"

"झाडून घे, मामा," सोमीबाई म्हणाली. "जुनं लुगडं हातर. फूल लुगड्यावर पडन, लवकर बी येचून होते. आपल्या टोल्यात आता आग नाई लावाची."

बाईंना राहवेना. त्या हात वर करून उठल्या. "एक सांगतो. आपण काहीच झाडं मोजली आहेत. एवढ्यावरून सगळ्या जंगलाचं म्हणता येत नाई. पुढच्या साली आणखी—"

"तू चूप बस, बाई," सोमीबाई म्हणाली. "तुह्यं झालं. आता मी सांगून राह्यली ना."

बाई उभ्याच राहिल्या. माझ्याकडे पाहिलं, म्हाताऱ्याकडे पाहिलं. मग साडी सावरून बायकांच्या ओळीत खाली बसल्या, आणि सोमीबाई बोलत राहिली तोवर एक अक्षर बोलल्या नाहीत.